शेजाऱ्याच्या ओसरीवरचा कॉन्फेडरेट झेंडा: अर्थ ठरवायचा कसा?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी अटलांटाच्या उत्तरेला नुकतंच घर घेतलं आहे. समोरच्या घराच्या ओसरीवर लाल कापड, निळी तिरपी फुली आणि तिच्यावर पांढरे तारे असा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणी राज्यांचं निशाण, लावलेला आहे. शेजारी माणूस म्हणून चांगला. राहायला आल्या आठवड्यात त्याने गवत कापायचं यंत्र आपणहून आणून दिलं. झेंड्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे, द्वेषाशी याचा काही संबंध नाही." यांच्या दारावर वास्तुशांतीच्या दिवशी काढलेलं स्वस्तिक आहे. म्हणून हे अडचणीत सापडले: आपण स्वस्तिकाबद्दल जे सांगतो तेच तो झेंड्याबद्दल सांगतोय, मग त्याला चूक कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय मुलगा आठवीत आहे, यंदा जॉर्जियाचा इतिहास शिकतोय. त्याला काय सांगायचं?

मी दक्षिणेतल्या एका इतिहास-संग्रहालयात जुने गणवेश आणि झेंडे सांभाळण्याचं काम करते. हा वाद माझ्या टेबलावर रोजचाच. माझं मत आधीच सांगते. तुमचा शेजारी खोटं बोलत असेलच असं नाही, पण तो अर्धंच बोलतोय. झेंड्याचा अर्थ लावणाऱ्याच्या मनात शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, कारण प्रत्येकाचं मन त्याला साफच दिसतं. तो कोणी उभारला, कुठे, कधी आणि कशाच्या विरोधात, हे पाहायचं. तारखा मुकाट्याने साक्ष देतात.

आधी वस्तू नीट ओळखू. शेजाऱ्याकडे आहे तो कॉन्फेडरेट या बंडखोर देशाचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. फेब्रुवारी १८६१ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावी सात दक्षिणी राज्यांनी आपलं वेगळं सरकार थाटलं. पुढे ती अकरा झाली. ४ मार्चला त्यांनी पहिला ध्वज चढवला. लाल, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे, कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात ताऱ्यांचं कडं. तो अमेरिकेच्या ध्वजाच्या इतका जवळ जाणारा होता की २१ जुलैला व्हर्जिनियात मनॅससच्या लढाईत धूळ आणि धुरामध्ये आपली तुकडी कुठली, शत्रूची कुठली, हे कळेना. कॉन्फेडरेट सेनानी जनरल बोरेगार्डना रणांगणासाठी वेगळं निशाण हवंसं वाटलं ते त्या गोंधळामुळे. साउथ कॅरोलायनाचे विल्यम पोर्चर माइल्स यांचा राष्ट्रध्वजासाठी नापसंत झालेला आराखडा तेव्हा पुढे आला. माइल्स यांच्या मनात आधी उभा क्रूस होता. एका दक्षिणी ज्यू गृहस्थाने कळवलं की एका धर्माचं चिन्ह सगळ्या राष्ट्रावर लादू नका, तेव्हा त्यांनी तो तिरपा केला. माणसं विकत घेण्याच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या सरकारात ही नाजूक जाणीव होती, हे मला आजही पचत नाही.

पहिली निशाणं नोव्हेंबर १८६१ मध्ये तुकड्यांना मिळाली. ती रेशमी होती आणि राजधानी रिचमंडमध्ये पुरेसं लाल रेशीम मिळेना म्हणून बरीचशी गुलाबीच होती. पुढची लोकरीची. रिचमंडच्या सरकारी आगारात शिवलेलं असं एखादं निशाण टेबलावर उलगडलं की पहिल्यांदा आकार नजरेत भरतो: चौरस, पायदळासाठी चार फूट बाय चार फूट. कापड विरळ विणीचं, पातळ, वाऱ्यावर हलकं उडावं असं. तारे सुती, कडेला सुती पांढरी पट्टी, लाकडी काठीला बांधण्यासाठी भोकं. या लोकरी कापडाचा मोठा साठा नॉरफोकजवळच्या अमेरिकी नौदलाच्या गोदीतून हाती लागलेला होता, म्हणजे बंडाचं निशाण शिवलं ते ज्याच्याविरुद्ध बंड त्याच्याच कापडातून. युद्धात जिंकून आणलेल्या निशाणांवर वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने क्रमांक घातले होते. ते आकडे अजूनही वाचता येतात. १९०५ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने ती निशाणं ज्या त्या राज्यांना परत गेली. तुमच्या शेजाऱ्याचा आयताकृती नायलॉनचा झेंडा या चौरस निशाणाचा थेट वंशज नाही. तसं आयताकृती रूप टेनेसीच्या सैन्याकडे आणि जहाजांवर असायचं.

आता शेजारी म्हणेल, "बघा, हा सरकारचा झेंडाच नाही. हा शिपायाचा झेंडा. माझ्या खापरपणजोबाकडे एकही गुलाम नव्हता." हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हते हे खरं आहे (मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात मात्र जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे होते). कितीतरी पोरं सक्तीच्या भरतीने गेली, आमांशाने मेली आणि त्यांच्या घरी परत आलं ते एक बटण किंवा एक पत्र. आमच्याकडे अशी पत्रं आहेत आणि ती वाचताना माझ्या घशात आवंढा येतो. पण शिपाई कशासाठी गेला हा एक प्रश्न, आणि त्याला कशासाठी पाठवलं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पाठवणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपीने संघराज्यातून बाहेर पडण्याची कारणं सांगणारं जाहीरपत्र काढलं. त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे आणि ही संस्था म्हणजे जगातला सर्वांत मोठा आर्थिक हितसंबंध. २१ मार्चला नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स तुमच्याच जॉर्जियात, सव्हाना शहरात, जाहीर भाषणात म्हणाले की आमच्या सरकारची कोनशिला एका सत्यावर बसवली आहे: काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गोऱ्याची ताबेदारी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे. त्यांच्या राज्यघटनेने तर गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करायलाच मनाई केली. 'हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं' असं कोणी सांगितलं की मी ही कागदपत्रं पुढे सरकवते. हक्क होता, पण कशाचा?

आणि निशाणही शिपायापुरतं राहिलं नाही. १ मे १८६३ रोजी त्या सरकारने नवा राष्ट्रध्वज स्वीकारला. पूर्ण पांढरं कापड आणि कोपऱ्यात हेच रणनिशाण. त्याच्या आदल्या महिन्यात सव्हानाच्या एका वर्तमानपत्राचे संपादक विल्यम टी. थॉम्प्सन यांनी पांढऱ्या रंगाची बाजू लढवताना लिहिलं होतं की आपण गोऱ्या माणसाचं ईश्वरदत्त श्रेष्ठत्व राखण्यासाठी लढतो आहोत, तेव्हा पांढरा झेंडाच आपल्या कार्याचं प्रतीक शोभेल. हे नंतर कोणी टीकाकाराने चिकटवलेलं नाही, झेंड्याच्या समर्थकाचंच म्हणणं आहे. पुढची गंमत अशी की वारा पडला की तो झेंडा शरणागतीचा दिसायचा. म्हणून ४ मार्च १८६५ ला त्याच्या कडेला लाल पट्टा जोडला, आणि ९ एप्रिलला कॉन्फेडरेट सेनापती जनरल ली शरण आले.

इथे एक आडवळण घेते, कारण मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. त्या युद्धात अमेरिकी नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजाराचं ते प्रसिद्ध वेड, प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या भरावाची कंपनी, सगळं त्याच पैशावर. १८६५ मध्ये युद्ध थांबल्याची बातमी आली आणि मुंबईत दिवाळ्यांची रांग लागली. याच कॉन्फेडरेट सरकारच्या 'अलाबामा' या युद्धनौकेने जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ एक अमेरिकी व्यापारी जहाज जाळलं होतं. आणि १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली. त्या झगड्याचा अर्थ काय होता हे फुल्यांना हजारो मैलांवरून, आठ वर्षांनी, स्वच्छ दिसलं होतं.

युद्धानंतरची पन्नाससाठ वर्षं हे निशाण मुख्यतः माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, थडग्यांवर आणि पुतळ्यांच्या अनावरणांत दिसायचं. खुद्द ली यांना त्याचंही फारसं कौतुक नव्हतं. १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर खुणा उभारायला त्यांना बोलावलं, तेव्हा युद्धाच्या जखमा उघड्या न ठेवणं शहाणपणाचं, असं लिहून त्यांनी नकार कळवला. सैनिक संपत आले, आणि झेंड्याचा दुसरा जन्म सुरू झाला. 'वारसा' या दाव्याची खरी परीक्षा इथे होते.

१९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी हक्कांचा कार्यक्रम मांडला म्हणून दक्षिणेचे डेमोक्रॅट फुटले, स्ट्रॉम थर्मंड यांना अध्यक्षपदाचा उमेदवार केलं आणि बर्मिंगहॅमच्या मेळाव्यात हा झेंडा फडकवला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णविभागणी बेकायदा ठरवली; १९५६ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने राज्यध्वजाच्या दोनतृतीयांश भागावर हे निशाण बसवलं. १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनाने ते विधानभवनाच्या घुमटावर चढवलं. कारण सांगितलं युद्धाच्या शताब्दीचं, पण त्याच शताब्दीच्या चार्ल्सटनमधल्या कार्यक्रमाला न्यू जर्सीच्या शताब्दी समितीतल्या एका काळ्या सदस्य बाईंना हॉटेलने खोली नाकारली होती. २५ एप्रिल १९६३ ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी अलाबामाच्या विधानभवनावर ते चढवलं. त्या दिवशी देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी भेटीला येणार होते आणि बोलणं व्हायचं होतं विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याबद्दल. पूर्वजांची आठवण नेमकी त्याच दिवशी का यावी? हा प्रश्न मी भेट देणाऱ्यांना विचारते. उत्तराची वाट बघते. बहुतेक जण खांदे उडवतात, एखादा जरा वेळाने परत येऊन तारखा लिहून घेतो.

पुढे या झेंड्याला तिसरंही आयुष्य लाभलं: ट्रकच्या मागच्या काचेवर, मोटारशर्यतीत, गाण्यांच्या जलशात, 'आम्ही कुणाचं ऐकत नाही' एवढ्याच अर्थाने. तुमचा शेजारी बहुधा याच काळात वाढला असेल. त्याच्या लहानपणी झेंडा म्हणजे बाबांची गाडी आणि शनिवारची शर्यत. तो प्रामाणिक आहे असं मी म्हणते ते यामुळे. पण त्याच रस्त्यावरच्या काळ्या मुलाच्या लहानपणी झेंडा म्हणजे काय होतं, हे त्याला विचारावंसं कधी वाटलं नाही. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाच्या लोकसंख्येत ५७ टक्के लोक गुलाम होते. त्यांचे वंशजही दक्षिणी आहेत, त्यांचेही पूर्वज त्याच मातीत आहेत. 'दक्षिणेचा वारसा' म्हणताना या अर्ध्याहून अधिक लोकांना वगळायचं असेल, तर मग तो वारसा कुणाचा, हे आपोआप कळतं.

१७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्याचे या झेंड्यासोबतचे फोटो मिळाले. दुसऱ्या एका फोटोत त्याच्या जाकिटावर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा आणि ऱ्होडेशियाचा (आजच्या झिम्बाब्वेचा) झेंडा शिवलेला होता, म्हणजे दोन खंडांतली ही कापडं एकाच भाषेत बोलतात हे त्याला बरोबर ठाऊक होतं. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावरचे राष्ट्राचे आणि राज्याचे ध्वज अर्ध्यावर उतरले. घुमटावरून आवारात आलेलं कॉन्फेडरेट निशाण मात्र पूर्ण उंचीवर, कारण कायद्याने ते तिथे डकवलं होतं आणि खांबाला अर्ध्यावर आणायची सोयच नव्हती. मारल्या गेलेल्यांत त्या राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. २७ जूनला ब्री न्यूसम या तरुणीने खांबावर चढून झेंडा काढला. तिला अटक झाली आणि तासाभरात नवा झेंडा वर गेला. १० जुलैला तो कायद्याने कायमचा उतरला. सही केली गव्हर्नर निकी हेली यांनी, पंजाबी शीख आईवडिलांच्या लेकीने. मिसिसिपीला राज्यध्वजातून हे निशाण काढायला २०२० उजाडलं.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो: गुलामगिरी अमेरिकेच्या ध्वजाखालीही ऐंशीहून अधिक वर्षं चालली, मग तो का चालतो? खरं आहे. गुलामांची जहाजंही त्या ध्वजाखाली आली. पण त्याच ध्वजाखाली सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या रक्ताने बदलून घेतला. दुसऱ्या बाजूला ती वाटच बंद होती. गुलामांना सैन्यात घ्यायचं का यावर जानेवारी १८६५ मध्ये जॉर्जियाचे कॉन्फेडरेट जनरल हॉवेल कॉब यांनी लिहिलं की गुलाम जर चांगले सैनिक ठरले तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चुकीचा ठरेल. परवानगी मिळाली ती मार्चमध्ये, सगळं संपायला महिना उरला तेव्हा. 'हजारो काळे कॉन्फेडरेट सैनिक' ही इंटरनेटवरची कथा कोणी ऐकवली तर हे वाक्य ऐकवा.

आता स्वस्तिक. तुमची तुलना प्रामाणिक आहे पण टिकत नाही. नाझी पक्षाने ते चिन्ह १९२० मध्ये उचललं. त्याच्या आधी हजारो वर्षं ते आपल्याकडे, जैनांकडे, बौद्धांकडे होतं आणि नाझींशी काडीचाही संबंध नसताना होतं. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनच्या खांद्यावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या परंपरेतून आलेलं स्वस्तिक १९३९ पर्यंत होतं. मग त्यांनी ते उतरवून थंडरबर्ड हा त्याच परंपरेतला पुराणपक्षी घेतला. म्हणजे चिन्ह आधी, गुन्हा नंतर, आणि गुन्हेगार तिसराच. कॉन्फेडरेट निशाणाला असं पूर्वायुष्य नाही. ते जन्मलंच त्या युद्धासाठी. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये द्वेषचिन्हांवरचा कायदा सुधारताना नाझींचं चिन्ह आणि हिंदू-बौद्ध-जैनांचं स्वस्तिक यांत फरक केला, तो याच पायावर. तरीही एक सुचवते. तुमच्या गल्लीत कोणी ज्यू आजी राहत असतील तर दारावरचं स्वस्तिक त्यांना दिसण्याआधी तुम्हीच जाऊन चार शब्द बोला. आपला हेतू शुद्ध आहे म्हणून समोरच्याचं दुखणं खोटं ठरत नाही. शेजाऱ्याकडून आपण जी अपेक्षा करतो ती हीच तर आहे.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत स्वतःच्या घरावर हा झेंडा लावणं हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. पोलिसांना फोन करू नका. वसाहतीच्या संस्थेचे नियम असतील तर तो खासगी कराराचा भाग आहे, ते वेगळं. शाळांनी वांशिक तणावाचं कारण देऊन कपड्यांवर हा झेंडा बंद केला तर न्यायालयांनी बहुतेकदा शाळांची बाजू घेतली आहे. दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. १९२८ ते १९९४ चा जुना ध्वज विनाकारण मिरवणं हे २०१९ मध्ये तिथल्या समता न्यायालयाने द्वेषवाणी ठरवलं. संग्रहालय, अभ्यास, पत्रकारिता, कला यांना मोकळीक ठेवली. माझा कल कुठे विचाराल तर खासगी अंगणात अमेरिकेचा नियम बरा आणि सरकारी खांबावर दक्षिण आफ्रिकेचा.

एक गोष्ट जॉर्जियातल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. १९५६ चा वादग्रस्त राज्यध्वज २००१ मध्ये गेला आणि भांडणांनंतर २००३ मध्ये आताचा आला. लाल, पांढरा, लाल तीन पट्टे, कोपऱ्यात निळा चौकोन, ताऱ्यांचं कडं. वर वर्णन केलेला कॉन्फेडरेट सरकारचा पहिला राष्ट्रध्वज तो हाच, मध्ये फक्त राज्याची मुद्रा आहे. तुमच्या मुलाच्या शाळेवर तो रोज चढतो आणि कोणी ब्र काढत नाही, कारण तो कोणी ओळखतच नाही. लोक भांडतात ते १९४८ नंतर काय घडलं त्यावर, १८६१ च्या कापडावर नव्हे.

मुलाला निष्कर्ष देऊ नका, कागद द्या. मिसिसिपीचं जाहीरपत्र दोनतीन पानांचं आहे, आठवीच्या मुलाला सहज झेपतं. स्टीव्हन्स यांचं भाषणही इंटरनेटवर मिळतं. शेजाऱ्याशी बोलायचं असेल तर 'तुझा झेंडा वंशद्वेषी आहे' यापासून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. खापरपणजोबांचं नाव विचारा, कोणत्या तुकडीत होते ते विचारा. ज्यांना खरंच पूर्वजांबद्दल आस्था असते ते अर्धा तास बोलतात, आणि त्या तुकडीचं खरं निशाण कसं होतं हे कळलं की नायलॉनच्या झेंड्यातला त्यांचा रस कधी कधी कमीही होतो. ज्याला तुकडीचं नावही सांगता येत नाही, त्याच्या 'वारसा' शब्दाचं वजन तुमचं तुम्हीच ठरवा.

आणि अटलांटाची सगळी मराठी मंडळी जाते तशी तुम्हीही स्टोन माउंटनला जालच. डोंगराच्या कड्यावर कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनानी ली व जॅक्सन घोड्यांवर कोरलेले आहेत. चढाच्या वाटेवर कॉन्फेडरेट झेंड्यांची रांग होती, ती २०२१ मध्ये खाली हलवायचं ठरलं. मुलगा म्हणेल, युद्धाच्या काळातलं दिसतंय. १९१५ मध्ये याच डोंगरमाथ्यावर कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना नव्याने उभी राहिली, १९५८ मध्ये शाळांचा वाद पेटलेला असताना राज्याने डोंगर विकत घेतला आणि कोरीव काम पूर्ण झालं ते १९७२ मध्ये. पण हे तुम्ही आधी सांगू नका. 'हे कधी कोरलं असेल?' एवढंच विचारा आणि फोन त्याच्या हातात द्या.